दर्दी आणि ओताकू : मालवण किनाऱ्यावरील दशावतारी प्रेक्षकाच्या अभ्यासाची एक दिशा

१

१२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत दोन चित्रपट लागले. एक, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’. कोकणातील एका वृद्ध दशावतारी कलावंताची ही कथा असून ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. दुसरा, ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी अ‍ॅनिमेपट. हा दुसरा चित्रपट भारतात मूळ जपानीखेरीज इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत आला. मराठीत तो आला नाही. तरीही मराठी तरुण प्रेक्षकांनी तो पाहिला आणि त्याची चर्चा केली.

दोन चित्रपटांची तारीख एक असणे हा निव्वळ योगायोग आहे. मात्र त्यातून सुचणारा प्रश्न योगायोगाचा नाही. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या परिसरातील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकाला पहाटेपर्यंत बसतो आणि एरवी जपानी मालिकांचे भागामागून भाग पाहतो. या दोन्ही ठिकाणी तो एकाच प्रकारचा प्रेक्षक असतो काय? आपल्या अभ्यासविश्वात या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी गृहीत धरले जाते. दशावताराचा प्रेक्षक म्हणजे भाविक, पारंपरिक, काहीसा भोळा. अ‍ॅनिमेचा चाहता म्हणजे परक्या करमणुकीने झपाटलेला, बाजारपेठेने घडवलेला. ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : चाहता हा कलाकृतीच्या शेवटी येणारा ग्राहक नसून तिच्या घडणीत सहभागी होणारा घटक असतो. जेथे संहिता लिखित नसते, तेथे तर चाहत्याला वगळून संहितेचा विचारच पूर्ण होत नाही. जपानी चाहतेसंस्कृतीसंबंधी झालेले विवेचन ही गोष्ट स्पष्ट करण्यास उपयोगी पडते. म्हणून येथे प्रथम त्या संस्कृतीचा परिचय करून देऊन नंतर दशावताराकडे वळू.

२

आपल्या परंपरेत आस्वादकाला अनेक नावे आहेत. अभिनवगुप्ताने ज्याचे विवेचन केले तो ‘सहृदय’ कवीच्या हृदयाशी संवाद साधणारा असतो. परंतु तो एकटा असतो आणि काव्यात काही भर घालत नाही. ‘रसिक’ हा शब्द आपण आज इतक्या सैलपणे वापरतो की सभागृहातील कोणत्याही श्रोत्याला तो लागू पडतो. ‘चाहता’ या शब्दात प्रेम आहे, पण ज्ञानाची अट नाही. या सर्वांहून वेगळा शब्द म्हणजे ‘दर्दी’. दर्दी माणसाला गोडी असते, जाणकारी असते, आणि त्या जाणकारीच्या बळावर तो कलावंताला जाबही विचारू शकतो. संगीताच्या मैफलीत आणि नाटकाच्या थिएटरात असे दर्दी लोक आपण पाहिले आहेत. बालगंधर्वांच्या काळी त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल घराघरांत होत असे. ती चाहत्यांच्या सहभागाचीच एक जात होती. पण आपल्या नाट्येतिहासात ती हौसेची गंमत म्हणून नोंदली गेली, आस्वादाची पद्धती म्हणून नव्हे.

जपानी भाषेत अशा माणसासाठी ‘ओताकू’ हा शब्द रूढ झाला. त्याचा मूळ अर्थ ‘आपले घर’ असा असून दुसऱ्या व्यक्तीला आदराने, थोडे अंतर राखून संबोधण्यासाठी तो वापरला जातो. अ‍ॅनिमे आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रपट्ट्यांची पुस्तके, यांचे चाहते एकमेकांना असे संबोधत. १९८३ मध्ये आकिओ नाकामोरी या लेखकाने या चाहत्यांची टर उडवताना त्यांच्या या लकबीवरूनच त्यांना ‘ओताकू’ म्हटले. पुढे १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात पकडलेल्या एका तरुणाच्या घरी चित्रफितींचा मोठा साठा सापडला आणि हा शब्द काही काळ संशयाचा, तिरस्काराचा झाला. तो कलंक ओसरण्यास बरीच वर्षे लागली. कलाप्रेमाचे एखादे रूप समाजाला अनोळखी वाटले की त्याला विकृती ठरवले जाते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. नाटकवेड्या, तमाशावेड्या माणसाकडे आपल्या घरांतूनही याच नजरेने पाहिले गेले आहे.

या चाहत्यांचे सर्वांत मोठे संमेलन म्हणजे तोकियोतील ‘कॉमिकेट’. २१ डिसेंबर १९७५ रोजी ते प्रथम भरले, तेव्हा त्यात ३२ मंडळांनी भाग घेतला आणि सुमारे ७०० लोक आले. त्यांत शाळकरी वयाच्या मुलींचे प्रमाण मोठे होते. पुढे हे संमेलन लाखोंच्या उपस्थितीचे झाले. तेथे मुख्यतः विकली जातात ती चाहत्यांनी स्वतः लिहिलेली, चित्रित केलेली आणि छापलेली पुस्तके. त्यांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. आवडत्या मालिकेतील पात्रे घेऊन रचलेल्या नव्या कथा, मूळ कथेतील मोकळ्या जागा भरणारे प्रसंग, विडंबने आणि टीकालेखन असे त्यांचे स्वरूप असते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या शब्दाची पूर्वपीठिका विशेष लक्षणीय वाटेल. ‘दोजिन्शी’ म्हणजे समविचारी मंडळींचे नियतकालिक. ही संकल्पना मूळची चित्रपट्ट्यांच्या जगातील नाही, ती साहित्यातील आहे. १८८५ मध्ये ‘केनयुशा’ या लेखकमंडळाने ‘गाराकुता बुन्को’ हे नियतकालिक काढले, ते या परंपरेतील आरंभीचे मानले जाते. मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या बाहेर, थोड्या प्रती काढून, परस्परांसाठी लिहिणे ही तिची प्रकृती होती. आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात ‘शब्द’ आणि १९६० नंतर ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ यांसारखी जी लघुनियतकालिके निघाली, त्यांच्याशी या प्रकृतीचे साम्य उघड आहे. फरक एवढाच की जपानमध्ये साहित्यिकांनी घडवलेली ही चौकट पुढे चाहत्यांनी उचलली, तर आपल्याकडे ती साहित्यिकांपाशीच राहिली आणि चळवळ ओसरल्यावर संपली.

३

चाहत्यांच्या या निर्मितीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी येथे नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकन अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दूरदर्शन मालिकांच्या चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात शिरून हवे ते उचलणाऱ्या वाचकांची उपमा दिली. चाहते मूळ कृतीचे मालक नसतात, पण तिच्यातून आपल्या गरजेचा अर्थ काढून नेतात, असे त्यांचे म्हणणे. या मांडणीत मालक आणि उचलेगिरी करणारा यांच्यातील विरोध गृहीत आहे. लिखित, मुद्रित आणि स्वामित्वहक्काने बांधलेल्या संस्कृतीत ते स्वाभाविकही आहे.

दुसरी दृष्टी जपानी समीक्षक एजी ओत्सुका यांची. ती आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. १९८९ मध्ये त्यांनी ‘कथेचे उपभोजन’ ही संकल्पना मांडली. त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण अगदी साधे होते. त्या काळी जपानमध्ये एका चॉकलेटच्या वेष्टनात एकेक चित्र घालून विकले जाई. चित्रावर एक पात्र आणि त्याच्याविषयीची त्रोटक माहिती असे. अशी ७७२ चित्रे होती. मुले चॉकलेट टाकून देत आणि चित्रे जमवत. कारण चित्रे जुळवत गेले की त्यांच्यामागे असलेली एक मोठी कथा हळूहळू उलगडत असे. ओत्सुका यांच्या मते मुले विकत घेत होती ती चॉकलेट नव्हे आणि चित्रही नव्हे. ती त्या चित्रामागच्या मोठ्या कथाविश्वाचा तुकडा विकत घेत होती. एकदा ते कथाविश्व हाती आले की त्याच्या नियमांना धरून स्वतःचे नवे चित्र, नवी कथा रचणे मुलांनाही शक्य होते. अशी कथा ‘नकली’ ठरत नाही. तीही त्या विश्वाचाच एक आविष्कार ठरते.

ही प्रक्रिया स्पष्ट करण्यासाठी ओत्सुका यांनी काबुकी या जपानी नाट्यप्रकारातील दोन पारिभाषिक संज्ञा वापरल्या : ‘सेकाई’ आणि ‘शुको’. सेकाई म्हणजे विश्व, प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असलेला कथांचा, पात्रांचा आणि त्यांच्या परस्परसंबंधांचा साठा. शुको म्हणजे त्या विश्वात या खेळापुरती केलेली नवी योजना. काबुकीचा प्रेक्षक विश्व जाणतो आणि योजना पाहायला येतो. अ‍ॅनिमेचा चाहताही तेच करतो. पुढे २००१ मध्ये हिरोकी अझुमा यांनी यावर आक्षेप घेतला. आजच्या चाहत्याला मागच्या मोठ्या कथेत रस उरला नसून पात्रांच्या सुट्या गुणविशेषांच्या संचयात आहे, असे त्यांनी म्हटले. हा वाद महत्त्वाचा आहे. तथापि आपल्या विषयापुरती विश्व आणि योजना ही जोडी पुरेशी आहे. ती घेऊन आता मालवण किनाऱ्यावर येऊ.

४

दशावतारी नाटकाची परंपरा जुनी आहे. रामदासांच्या ‘दासबोधा’त दशावतारी खेळाचा आणि त्यात स्त्रीवेषाने येणाऱ्या पुरुषांचा उल्लेख आहे. कोकणात हा खेळ श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास आणला, अशी एक परंपरागत समजूत आहे. कवठी येथील गोरे घराण्याकडे त्याचे श्रेय देणारीही एक समजूत आहे. उगमाचा हा वाद बाजूला ठेवून प्रयोगाच्या स्वरूपाकडे पाहू.

कार्तिक महिन्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवाची पालखी फिरल्यानंतर रात्री देवळासमोर नाटक उभे राहते. आधी आडदशावतार होतो : गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, भट आणि संकासुर यांची सोंगे क्रमाने येतात आणि विष्णूच्या हातून संकासुराचा वध होतो. नंतर मुख्य आख्यान सुरू होते आणि पहाटे दहीकाल्याने सांगता होते. रंगमंचावर एक बाकडे असते. ते प्रसंगानुसार सिंहासन होते, पर्वत होते किंवा झोपण्याचा मंचक होते. हार्मोनियम, मृदंग आणि झांज एवढी साथ असते. स्त्रीपात्रे पुरुषच रंगवतात.

यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की आख्यानाची लिखित संहिता नसते. रंगभूषा चालू असताना आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो आणि कोण कोणाला कोठे गाठणार हे निश्चित होते. संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. राजाचे काम करणारा राजपार्टी आणि समोरचा खलपुरुष यांचा वादविवाद अर्धा तास चालेल की दहा मिनिटांत संपेल, हे त्या रात्रीवर अवलंबून असते. अशा प्रयोगाला ‘संहिताविरहित’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे वर्णन दिशाभूल करणारे आहे. संहिता कागदावर नसते एवढेच. ती पुराणकथांच्या सामाईक स्मृतीत असते, आणि ती स्मृती नटाइतकीच प्रेक्षकाचीही असते. ओत्सुका यांच्या भाषेत सांगायचे तर पुराण हे येथील विश्व आणि त्या रात्रीचे आख्यान ही योजना.

हा मुद्दा मान्य केला की दशावताराच्या प्रेक्षकाचे कार्य वेगळ्या रीतीने दिसू लागते. ते चार प्रकारचे आहे.

पहिले कार्य नियमांची राखण करण्याचे. दशावतारात पुराणात नसलेली पात्रे आणि प्रसंग सर्रास येतात. कल्पित राजे, कल्पित राक्षस, अमुक देवाच्या वराने जन्मलेला तमुक पुत्र अशी नवी आख्याने दर हंगामात बांधली जातात. प्रेक्षकाला त्याचे वावडे नाही. पण शिवाने दिलेला वर विष्णू कसा मोडतो, पतिव्रतेचा शाप कोणाला लागू होतो, नारदाने कळ कोठे लावावी, याचे संकेत ठरलेले आहेत. ते मोडले की प्रेक्षक अस्वस्थ होतो. नवे आख्यान त्याला चालते, विश्वाला सोडून असलेले आख्यान चालत नाही. अ‍ॅनिमेचे चाहते एखाद्या नव्या कथेविषयी ती मूळ विश्वाला धरून आहे की नाही याची जी तपासणी करतात, ती याच जातीची आहे.

दुसरे कार्य तुलनेचे. एकच प्रेक्षक एका हंगामात अनेक जत्रांना जातो. तोच नट, तेच आख्यान, तीच भूमिका तो पुन्हा पाहतो. संवाद दर वेळी नवा असल्यामुळे तुलना करण्याचे साधन केवळ त्याच्यापाशी असते. ‘आज नाटक रंगला नाय’ हा पहाटे घरी परतताना दिलेला अभिप्राय म्हणूनच साधा नसतो. त्यामागे आधी पाहिलेल्या प्रयोगांची एक मांडणी असते. लिखित नाटकाच्या समीक्षकाला जे काम ग्रंथालयात बसून करता येते, ते येथे स्मरणशक्तीच्या बळावर होते.

तिसरे कार्य संयोजनाचे. सिंधुदुर्गात ‘संयुक्त दशावतार’ या नावाने प्रयोग होतात. त्यांत वेगवेगळ्या मंडळांतील निवडक कलावंत एकत्र आणले जातात. या मंडळाचा राजपार्टी, त्या मंडळाचा स्त्रीपार्टी, तिसऱ्याचा संकासुर, असा संच जमवण्याची कल्पना चाहत्याच्या मनातच प्रथम जन्माला येते : ‘हे दोघे समोरासमोर आले तर?’ एका कथाविश्वातील नायक दुसऱ्या विश्वातील नायकाशी भिडवून पाहण्याची जी हौस अ‍ॅनिमेच्या चाहत्यांच्या लेखनात दिसते, तिचे हे प्रत्यक्ष रंगभूमीवरील रूप होय. ‘ट्रिकसीनयुक्त’ अशा जाहिरातींनी होणारे प्रयोगही प्रेक्षकांच्या मागणीला दिलेले उत्तरच आहे. त्यामुळे जुन्या जाणकारांत नाराजी आहे. पण चाहत्यांत असा मतभेद असणे हेही ती संस्कृती जिवंत असल्याचे लक्षण मानले पाहिजे.

चौथे कार्य जतनाचे, आणि आज तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘लोकराजा’ या बिरुदाने ओळखले गेलेले नेरूरचे सुधीर कलिंगण २०२२ मध्ये निधन पावले. ते ज्येष्ठ दशावतारी कलावंत बाबी कलिंगण यांचे पुत्र. त्यांनी रंगमंचावर उभ्या उभ्या रचलेले संवाद कोणत्याही पोथीत नाहीत. ते आज उरले आहेत दोनच ठिकाणी : सहकलावंतांच्या आणि प्रेक्षकांच्या आठवणीत, आणि प्रयोगांच्या झालेल्या ध्वनिचित्रमुद्रणात. या मुद्रणांपैकी बरीचशी नाटकासमोर बसलेल्या चाहत्यांनी हौसेने केलेली आहेत. एका मोठ्या कलावंताचे वाङ्मय चाहत्यांच्या हाती आहे, हे विधान येथे अलंकारिक राहत नाही.

५

साम्य दाखवताना भेद झाकले जाऊ नयेत. ते तीन आहेत.

पहिला भेद धार्मिकतेचा. दशावतार देवस्थानाशी आणि जत्रेशी बांधलेला आहे. परंपरागत मंडळांच्या जत्रा ठरलेल्या असतात आणि तेथे नाटक करणे हा व्यवसायाइतकाच सेवेचा भाग असतो. विष्णू होऊन आलेल्या नटाला नमस्कार करणारा प्रेक्षक काही क्षणांनी त्याच नटाच्या संवादातील चूक काढतो. भक्ती आणि परीक्षण यांचे हे सहअस्तित्व अ‍ॅनिमेच्या चाहत्यात या रूपाने आढळत नाही.

दुसरा भेद स्वामित्वाचा. अ‍ॅनिमेच्या कथाविश्वाला मालक असतो. दोजिन्शीसारखी निर्मिती जपानमध्ये बव्हंशी मालकांच्या सोशिकतेवर चालते. पुराणकथेला मालक नाही. जेन्किन्स यांची उचलेगिरीची उपमा म्हणून दशावताराला लागू पडत नाही. येथे रान सर्वांचे आहे. ओत्सुका यांची मांडणी अधिक जुळते याचे कारण हेच असावे.

तिसरा भेद स्त्रियांच्या सहभागाचा. कॉमिकेटच्या आरंभापासून मुलींचा आणि स्त्रियांचा वाटा मोठा राहिला. त्यांनी लिहिले, चित्रे काढली आणि मूळ कथांत नसलेली दृष्टी आणली. दशावतारात स्त्रिया परंपरेने रंगमंचावर नसतात, पण प्रेक्षकांत त्या मोठ्या संख्येने असतात. पुरुषाने रंगवलेली पतिव्रता त्यांना कशी दिसते? स्त्रीपार्टी नटाचे नेसणे, चालणे, रडणे यांचे परीक्षण त्या कोणत्या निकषांवर करतात? या प्रश्नांना आपल्या लेखनात फारशी जागा मिळालेली नाही. चाहत्यांच्या दृष्टीने दशावताराचा अभ्यास करायचा झाल्यास तो येथून सुरू करणे उचित ठरेल.

६

आता पुन्हा अ‍ॅनिमेच्या मराठी चाहत्याकडे येऊ. त्याच्यापर्यंत हा कलाप्रकार टप्प्याटप्प्याने आला. १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगलीची जपानी मालिका हिंदीतून दाखवली गेली. ती जपानी आहे हे पाहणाऱ्या बहुतेक मुलांना ठाऊकही नव्हते. युगो साको यांच्या पुढाकाराने आणि भारतीय सचेतपटकार राम मोहन यांच्या सहभागाने १९९२ मध्ये पूर्ण झालेला रामायणावरील अ‍ॅनिमेपट आपल्याकडे त्या वेळी सर्वदूर पोहोचला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतीय चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला. २००० नंतर पोकेमॉन, डोरेमॉन, शिनचान यांनी घरोघरी प्रवेश केला.

प्रेक्षकाचा चाहता झाल्याची खूण मात्र २०१९ मध्ये दिसली. माकोतो शिनकाई यांचा नवा चित्रपट भारतीय चित्रपटगृहांत यावा यासाठी भारतातील चाहत्यांनी स्वाक्षऱ्यांची मोहीम चालवली. पन्नास हजारांहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो चित्रपट येथे प्रदर्शित झाला. वितरकाने प्रेक्षक शोधण्याऐवजी प्रेक्षकांनी चित्रपट मागवून घेतला.

या चाहत्याची जाणकारी खोल असते. पात्रांच्या वंशावळी, शक्तींचे नियम, निरनिराळ्या भाषांतरांतील फरक यांवर तो तासन्‌तास बोलू शकतो. परंतु तो ज्या भाषेत बोलतो तिच्यात मराठीचा वाटा किती? चित्रपट हिंदी किंवा इंग्रजीतून आला की त्याच्या चर्चेची परिभाषाही त्याच भाषांतून येते. जपानमध्ये आणि अन्यत्र चाहत्यांनी केलेली भाषांतरे, उपशीर्षके आणि नवकथा यांनी त्या त्या भाषेत एक नवा वाचकवर्ग घडवला. आपल्याकडे हे श्रम मराठीबाहेर खर्च होतात. चाहत्याची ऊर्जा ही भाषेची ऊर्जा आहे, हे आपण लक्षात घेतलेले नाही.

याउलट दशावताराच्या प्रेक्षकाची जाणकारी भाषेतच रुजलेली आहे. देव, राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. संकासुर मालवणीत बोलतो आणि हशा घेतो. या दोन स्तरांची ये-जा प्रेक्षक लीलया अनुभवतो. कोणत्या पात्राने कोणत्या क्षणी मालवणीत उतरावे, याचे त्याला भान असते. ‘वस्त्रहरण’ या गंगाराम गवाणकरांच्या नाटकाने १९८० पासून महाराष्ट्रभर जे यश मिळवले, त्याच्या मुळाशी हेच भान आहे. पौराणिक भाषा आणि मालवणी यांच्या टकरीतील विनोद ज्याला कळतो, तो प्रेक्षक कोकणातील पौराणिक खेळांनी आधीच घडवून ठेवला होता.

शेजारच्या पिंगुळीचे उदाहरण येथे सावध करणारे आहे. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी ही चित्रांच्या पोथीतील एकेक चित्र समोर धरून गात, बोलत कथा सांगण्याची कला. तिला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. जपानमध्ये ‘कामिशिबाई’ ही कागदी चित्रे दाखवून रस्त्यावर कथा सांगण्याची कला १९३० नंतर फार लोकप्रिय होती. दूरदर्शन आल्यावर ती मागे पडली. पण शिगेरू मिझुकी यांच्यासारखे तिच्यातील चित्रकार मांगाकडे वळले, आपल्याबरोबर कथा आणि पात्रे घेऊन गेले, आणि पुढे ती पात्रे अ‍ॅनिमेतही आली. एका माध्यमाचा प्रेक्षक दुसऱ्या माध्यमाला मिळाला. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या कुटुंबाने ही कला संग्रहालयाच्या रूपाने जपली आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि पुरस्कार कलावंताला मिळतो, त्याने प्रेक्षक निर्माण होत नाही. ‘गेल्या वेळी ही कथा तू अशी सांगितली नव्हतीस’ असे म्हणणारा दर्दी समोर बसलेला असेल तरच कथनाची कला कथन म्हणून टिकते. अन्यथा तिचे चित्र उरते आणि आवाज जातो.

७

या विवेचनातून अभ्यासाच्या काही दिशा सुचतात. दशावताराचे प्रयोग नोंदवताना आपण नटांची भाषणे लिहून घेतो, सोंगांचे वर्णन करतो, गाण्यांची यादी देतो. प्रेक्षक कोठे हसला, कोठे गप्प झाला, कोठे उठून गेला आणि नाटक संपल्यावर काय बोलला, हे त्याच नोंदीत आले पाहिजे. दुसरे, एकाच आख्यानाच्या एकाच हंगामातील दोन-तीन प्रयोगांची तुलना करावी आणि त्यासाठी चाहत्यांनी केलेली मुद्रणे साधन म्हणून स्वीकारावीत. ती सदोष असतील, पण त्यांतील प्रेक्षकांचा आवाज हा दोष नसून पुरावा आहे. तिसरे, जुन्या जाणकार प्रेक्षकांच्या मुलाखती आता घेतल्या नाहीत तर त्या पुढे घेता येणार नाहीत.

कॉमिकेटच्या संस्थापकांपैकी एक असलेले योशिहिरो योनेझावा २००६ मध्ये निवर्तले. त्यांनी आयुष्यभर जमवलेली चित्रपट्ट्यांची पुस्तके, मासिके आणि दोजिन्शी तोकियोच्या मेइजी विद्यापीठाने स्वीकारली आणि २००९ मध्ये त्यांच्या नावाचे ग्रंथालय अभ्यासकांसाठी उघडले. एके काळी ज्या संग्रहाकडे लोक संशयाने पाहत होते, तो विद्यापीठाचा ठेवा झाला. आपल्याकडे मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या भागांतील घरांतून दशावताराच्या ध्वनिफिती, जत्रांची हस्तपत्रके, नटांची छायाचित्रे आणि आता भ्रमणध्वनींतील चित्रणे विखुरलेली आहेत. दमट हवेत फिती चिकटतात, हस्तपत्रके रद्दीत जातात, भ्रमणध्वनी बदलला की चित्रणे पुसली जातात. मराठी विभागांनी ही सामग्री जमवण्याचे काम हाती घेतले तर त्यासाठी फार मोठा निधी लागेल असे नाही. या साठ्याचे मालक असलेल्या चाहत्यांना मात्र आपण अभ्यासाचे भागीदार मानावे लागेल.

त्यासाठी आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांपासून आरंभ करता येईल. जपानी मालिकेतील शेकडो पात्रांची गुंतागुंत ज्याच्या जिभेवर आहे, त्या विद्यार्थ्याला आपण नापसंतीने गप्प करतो. त्याच विद्यार्थ्याला एखाद्या जत्रेला पाठवून, ‘तू ज्या बारकाईने ती मालिका पाहतोस त्याच बारकाईने हे आख्यान पाहा आणि मराठीत लिही’, असे सांगितले तर दशावताराला एक नवा नोंदकार मिळेल. आणि कदाचित मराठीला तिचा पहिला ओताकू मिळेल, जो खरे तर आपला जुना दर्दीच असेल.